हरित छतासाठी काटक मांसल वनस्पतींची निवड

उथळ हरित छतावर जलरोधक थर, मुळांना अटकाव करणारे आवरण, निचऱ्याचा थर आणि त्यावर साधारण 6 ते 15 सेंटिमीटर जाडीचे, रोपे वाढवण्याचे हलके माध्यम असते. एवढ्याशा थरात कडाक्याचा हिवाळा आणि पाण्याविना जाणारा उन्हाळा सोसणाऱ्या वनस्पती मोजक्याच असल्याने जर्मनीत, आणि पुढे उत्तर अमेरिकेत, अशा छतांसाठी प्रामुख्याने क्रॅसुलेसी कुलातील सेडम निवडले जाते. आपली पानफुटीही याच कुलातली. छपरावर मांसल वनस्पती लावण्याची रीत मात्र जुनीच आहे. इ.स. 800 च्या सुमारास युरोपातील फ्रँक शासक शार्लमेनच्या मळ्यांसाठी निघालेल्या आज्ञापत्रात माळ्याने आपल्या घरावर सेम्परव्हायव्हम राखावे, असे कलम आहे.

या वनस्पती पाण्याची टंचाई असताना पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आम्लरूपात साठवून दिवसा वापरतात, त्यामुळे बाष्पोत्सर्जन फार कमी होते. मिशिगन स्टेट विद्यापीठात झालेल्या प्रयोगात 88 दिवस पाणी न मिळालेले सेडमही जिवंत राहिले. तरी ते जिवंत राहणे निराळे आणि वाढून छत झाकणे निराळे, हे निवड करताना विसरले जाते.

खरा धोका कोरडेपणापेक्षा साचलेल्या पाण्याचा असतो. थंडीत चिंब माध्यम गोठले की एरवी उणे 30 अंश सेल्सियसच्या आसपास टिकणारे रोपही मुळाशी कुजते. म्हणून बागेतली काळी, कसदार माती येथे निरुपयोगी ठरते: ती जड असते, पाणी धरून ठेवते आणि तिच्यातील नत्रामुळे सेडम लुसलुशीत वाढून तणांपुढे हार खाते. भाजून फुगवलेली शेल (थरांचा मऊ खडक), लाव्हाचे खडे किंवा विटांचा चुरा यांत अल्प सेंद्रिय द्रव्य मिसळलेले माध्यम त्यापेक्षा केव्हाही बरे.

सेडम आल्बम हे सर्वांत भरवशाचे. तुटलेला इंचभर तुकडाही मातीला टेकला की मूळ धरतो आणि कोरड्या दिवसांत त्याची दंडगोल पाने तांबूस होतात. सेडम आक्रे झपाट्याने पसरते, पण पुढे विरळ होते. किंचित सावली व ओल असेल तेथे सेडम सेक्सँग्युलारे बरे पडते. पूर्वी सेडममध्येच गणल्या जाणाऱ्या फेडिमस कामचॅटिकस आणि फेडिमस स्पुरियस यांची पाने रुंद असल्याने जमीन लवकर झाकली जाते. मात्र त्यांना माध्यम थोडे जाड लागते आणि हिवाळ्यात त्यांची बरीच पाने गळतात. सेम्परव्हायव्हम दिसायला देखणे, पण पसरायला संथ. एकाच जातीवर विसंबण्यापेक्षा चार-पाच जातींचे मिश्रण लावणे शहाणपणाचे, कारण एखादी जात रोगाने वा ओल्या उन्हाळ्याने खचली तरी छत उघडे पडत नाही. मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे फोर्डच्या ट्रक कारखान्याच्या सुमारे 4 हेक्टर छतावरही सेडमचे असे मिश्रणच आहे.

कोकण-मुंबईच्या सलग पावसात आणि उबदार रात्रींत हे थंड प्रदेशातील सेडम सहसा कुजते, त्यामुळे परदेशी यादी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. तेथे निचरा चोख ठेवून पानफुटी, कोरफड किंवा ऑफिस टाइम यांसारख्या उष्णतेला सरावलेल्या मांसल वनस्पतींचा विचार करावा लागतो.