विदर्भातील खेड्यांचे नळाचे पाणी : पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक व झपाट्याने गळू लागले, तेव्हा गावकऱ्यांचा आणि आरोग्य यंत्रणेचाही पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले गेले आणि त्यांत नायट्रेट व विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर आढळले. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त असल्याचे दिसले, तज्ज्ञांचा रोख रेशनच्या गव्हाकडे वळला आणि केसगळतीच्या आरोपातून पाणी जवळपास सुटले. त्याबरोबर नमुन्यांत सापडलेले नायट्रेट आणि क्षारही चर्चेतून सुटले, हे मात्र चमत्कारिकच म्हटले पाहिजे, कारण तो दोष त्या भूजलात केस गळण्याच्या पुष्कळ आधीपासून होता. विदर्भातील खेड्यांच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास पाहिला, तर असे वारंवार घडलेले दिसते. पाणी गावापर्यंत पोहोचले की नाही, हे प्रत्येक काळात मोजले गेले. ते पिण्याजोगे आहे की नाही, हे बहुधा एखादी साथ किंवा बातमी आल्यावरच विचारले गेले.

नळ येण्यापूर्वी गावाची भिस्त विहिरीवर, नदीच्या पात्रातील झिऱ्यावर आणि पूर्वेकडे तलावांवर होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातील मालगुजारी (म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातील) तलाव मुख्यतः धानासाठी बांधलेले असले, तरी त्यांच्या पाझरामुळे खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहत असे. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची पाळ व गाळ कोणी पाहायचा हे हळूहळू अस्पष्ट होत गेले. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. गावची चांगली विहीर सगळ्या जातींना खुली नव्हती, उघड्या पाण्यातून पटकीच्या साथी येत, राज्याच्या अनेक भागांत नारूचा (पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या कृमीचा) उपद्रव होता आणि साथ आली की विहिरीत परमँगनेट टाकणे एवढाच सरकारी उपाय असे. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती: उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, गावाच्या डोळ्यांसमोर होता. विहिरीत काय पडले, कोणत्या बाजूने गढूळ पाणी शिरते आणि कोणत्या महिन्यात चव बदलते, हे पाणी भरणाऱ्या बायांना ठाऊक असे.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र सर्वाधिक होरपळले, परंतु त्या काळात आलेली विंधन यंत्रे विदर्भातही पोहोचली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या आरंभी उभी राहिली, त्याच सुमारास केंद्राचा त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू झाला आणि दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क-२ हा हातपंप देशभर बसवला जाऊ लागला. या पंपाचे मूळ सोलापुरात तयार झालेल्या पंपात होते. विदर्भात हातपंपाला अजूनही सरसकट ‘बोरिंग’ म्हणतात. उघड्या विहिरीच्या तुलनेत बंद तोंडाच्या बोरिंगचे पाणी जंतूंच्या दृष्टीने बरेच सुरक्षित होते आणि या बदलाने अनेक जीव वाचवले, हे मान्य करायलाच हवे.

मात्र खोलातून येणारे पाणी खडकाचे गुणदोष बरोबर घेऊन येते. यवतमाळमधील पांढरकवडा व झरी जामणी, तसेच चंद्रपूर जिल्ह्याचे काही तालुके येथे खडकांतील खनिजांमुळे भूजलात फ्लोराइड उतरते. ते दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. लहान वयात ते पोटात गेले तर पक्के दात पिवळट-तपकिरी रेषा घेऊनच येतात आणि वर्षानुवर्षे जात राहिले तर सांधे व पाठीचा कणा आखडतो. गडचिरोलीच्या काही भागांत लोहाचे प्रमाण जास्त असते, पण लोहाने भात व कपडे रंगतात, म्हणून लोक ते पाणी स्वतःहून टाळतात. फ्लोराइडच्या बाबतीत हा नैसर्गिक इशारा मिळत नाही, आणि म्हणूनच ज्या बोरिंगला बारमाही पाणी आहे तेच गावाचे आवडते बोरिंग ठरते.

यावरचा उपाय शोधणारी संस्था विदर्भातच होती. १९५८ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या आणि पुढे ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत विकसित केली. तिला नाव मिळाले ते आंध्रातील, आताच्या तेलंगणातील, नलगोंडा जिल्ह्याचे. पद्धत स्वस्त होती, पण पाण्याच्या गुणानुसार तुरटीची मात्रा ठरवणे, ढवळणे, गाळ बसू देणे आणि तो काढून टाकणे ही कामे रोजची होती. ती करणारा माणूस गावात नेमलेला नसेल, तर चांगल्या तंत्राचाही उपयोग होत नाही.

शासनाच्या लेखी पाण्याची गुणवत्ता हा स्वतंत्र विषय झाला तो १९८६ च्या राष्ट्रीय पेयजल तंत्रज्ञान अभियानापासून. नारूचे निर्मूलन, फ्लोरोसिसला (फ्लोराइडमुळे होणाऱ्या दात-हाडांच्या विकाराला) आळा, खारेपणा व लोह कमी करणे अशी नेमकी उद्दिष्टे त्यात ठेवली गेली. त्यांपैकी नारूचे उद्दिष्ट पूर्ण झाले: देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले. उरलेल्यांपैकी फ्लोराइड आणि खारेपणा ही दोन्ही दुखणी विदर्भाच्या वाट्याला आजही आहेत.

खारेपणाचा मुख्य प्रदेश म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या मधल्या खोलगट भागात नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर साचले आहेत; त्यांत चिकणमाती अधिक, निचरा कमी आणि क्षार अडकलेले. सातपुड्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची पट्टी आहे, पण तिथून दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूंना उतरावे तसे पाणी खारट होत जाते, आणि दुसरीकडे पाणी लागावे म्हणून विहीर खोल करतात त्याप्रमाणे इथे केल्यास अनेकदा अधिक खारे पाणी लागते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा उद्भव नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. ‘दुसरा उद्भव नसेल तर’ ही सवलत अपवाद म्हणून लिहिलेली आहे, पण खारपाणपट्ट्यातील कित्येक गावांना तेवढ्या सवलतीत बसणारे पाणीही जमिनीखाली मिळत नाही. मूत्रपिंडाचे विकार आणि मुतखडा यांचा संबंध इथले लोक कित्येक वर्षांपासून या पाण्याशी जोडत आले आहेत.

म्हणून या पट्ट्यात प्रादेशिक नळयोजनांचा मार्ग धरला गेला. वान नदीवरील हनुमान सागर धरणातून अकोट-तेल्हाऱ्याकडील ८४ खेडी योजना आणि काटेपूर्णा धरणावरची खांबोरा ६४ खेडी योजना ही नावे अकोला जिल्ह्यात कुणालाही माहीत असतात. अमरावतीच्या बाजूस शहानूर धरणाने तेच काम केले. खारे पाणी गोड करण्यापेक्षा गोडे पाणी दुरून आणणे हा विचार योग्यच होता आणि आजही तोच सर्वांत भरवशाचा आहे. मात्र या योजनांनी गाव आणि उद्भव यांच्यात अनेक कोसांची जलवाहिनी उभी केली. तिच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावाला आपल्या नळाला पाणी का आले नाही, हे सांगणारा माणूसही गावात नसतो. वाहिनी कुठे फुटली, एअर व्हॉल्व्हमधून कोणी पाणी काढून घेतले, वीज गेली की धरणातला साठा राखून ठेवला आहे, यांपैकी काहीही कारण असू शकते. पाणी आठ-दहा दिवसांनी येत असेल, तर ते ड्रम, कोठ्या आणि टाक्यांत साठवले जाते, आणि धरणातून शुद्ध होऊन निघालेले पाणी घरात आठवडाभर उघडे राहिल्यावर डासांच्या अळ्यांसह प्यायले जाते. शिवाय धरणाच्या पाण्यावर सिंचनाचाही हक्क आहे. वानचे पाणी दुसऱ्या भागांतील पिण्याच्या योजनांना देण्यास तेल्हारा परिसरातील शेतकऱ्यांचा विरोध, आणि दुसरीकडे बाळापूर-अकोल्याकडील ६९ गावांच्या योजनेसाठी एप्रिल २०२३ मध्ये खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे निघालेली पदयात्रा, ही एकाच ओढाताणीची दोन टोके होत.

नळाचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी, ही समजूत मुळात शहरातली आहे. तिथेही ती पूर्ण खरी नाही. गावातील नळाला पाणी दिवसातून तासभर किंवा दिवसाआड सुटते. उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी असते, आणि रिकाम्या वाहिनीत दाब उतरला की नालीतून जाणाऱ्या गळक्या जोडांतून सांडपाणी आत ओढले जाते. दाब कमी म्हणून लोक नळाला टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी विजेची मोटर) लावतात आणि त्या पंपाने ही ओढ आणखी वाढते. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात जुलाबाचे रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात वाढतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच गळके जोड आणि व्हॉल्व्हचे बुडालेले खड्डे असतात.

यावर गावाच्या हाती असलेले साधन एकच, ते म्हणजे टीसीएल, अर्थात ब्लीचिंग पावडर. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. ती आधी बादलीत कालवून, निवळी टाकीत सोडून, किमान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचे असते. प्रत्यक्षात पोते उघडे राहिले, दमट खोलीत पडले, तर त्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना टाकल्यासारखे होते. म्हणून नळाच्या टोकाशी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करायची पद्धत आहे: थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. मानकाप्रमाणे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. चाचणी टाकीजवळ न करता सगळ्यात लांबच्या घरी करावी, एवढी एक शिस्त पाळली तरी पुष्कळ काही कळते. क्लोरीनने जंतू मरतात. क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेट यांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि पाणी उकळल्याने तर ते किंचित दाटच होतात. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तिला सवलत नाही. खतांचा मारा, उद्भव विहिरीलगतचे उकिरडे आणि शोषखड्ड्यांची संडासे यांतून ते झिरपते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात जास्त नायट्रेट असलेल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ ही नावे आहेत.

व्यवस्था कागदावर हळूहळू गावाकडे सरकत गेली. पेयजल क्षेत्रातील १९९९ च्या सुधारणांनंतर आणि २००२ च्या केंद्राच्या स्वजलधारा कार्यक्रमानंतर योजना मागणीनुसार, लोकवर्गणीतून आणि गाव समितीमार्फत व्हावी असे ठरले. राज्याने ग्रामपंचायतींच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा सर्वेक्षण करून धोक्यानुसार लाल (सर्वाधिक धोका), पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत आणली. सलग पाच वर्षे जलजन्य साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. जलसुरक्षक नेमले गेले, संच देऊन महिलांना पाणीतपासणी शिकवली गेली. ही पद्धत चांगली आहे. तिचा कच्चा दुवा असा की, लाल कार्ड मिळालेल्या ग्रामपंचायतीजवळच सहसा दुरुस्तीला पैसे नसतात: पाणीपट्टी वसूल होत नाही, मग वीजदेयक थकते.

याचे परिणाम किती टोकाला जातात, हे जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्याच्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दिसले. तेथील लोकांनी उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने अतिसाराची साथ पसरली आणि काही जण दगावले. थकलेल्या देयकापोटी नळयोजनेची वीज तोडलेली होती, असे त्या वेळी बातम्यांतून पुढे आले. म्हणजे नळ होता, पाणी होते, पंपही होता. लहान वस्त्यांसाठी आलेल्या सौर दुहेरी पंपाचे महत्त्व इथे कळते, कारण ऊन नसले तरी त्याच विंधन विहिरीवर हातपंप चालतो आणि दोन्ही बाबतींत महावितरणचे देयक येत नाही.

जिथे नळाचे पाणी आवडत नाही वा पटत नाही, तिथे गेल्या काही वर्षांत आरओ प्लांट आणि वीस लिटरचे जार आले आहेत. खारपाणपट्ट्यात त्यांनी खरीच सोय केली, मात्र पैसे असलेल्यांचे पाणी आणि नसलेल्यांचे पाणी अशी नवी विभागणीही केली. गाळून उरलेले अतिखारट पाणी बहुधा शेजारच्या नालीत सोडले जाते, आणि जारच्या पाण्याची तपासणी नळाच्या पाण्याइतकीही होत नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर आणि प्रत्येक घरी नळ हे लक्ष्य ठेवले. पाणी विहित गुणवत्तेचे असावे, हेही त्याच्या व्याख्येत आहे. २०२४ ची मुदत उलटली, महाराष्ट्रात ठेकेदारांची देयके रखडली, अनेक गावांत टाकी उभी आहे पण वाहिनी जोडलेली नाही, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. पूर्ण झालेली योजना ग्रामपंचायतीने हस्तांतरित करून घ्यायची असते. त्या वेळी पंपाची चाचणी होते, टाकीची गळती पाहिली जाते, घरोघरच्या तोट्या मोजल्या जातात. सगळ्यात लांबच्या घरातील नळाचा नमुना घेऊन उपविभागीय प्रयोगशाळेत रासायनिक व जैविक तपासणी करून घेतल्याशिवाय कागदावर सही करणार नाही, असे ग्रामसभेने ठरावात लिहायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. उद्भवाची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक दोनदा करायचीच आहे. तिचे अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरात येतात आणि कुणी मागितले नाहीत तर तिथेच राहतात.