सोन्याचा मासा माथ्यावरून ओळखावा

निळ्या टबात दोन पिवळे कोई, म्हणजे शोभेसाठी पाळतात ते जपानी मासे, सोडले आहेत, दोन्ही वीतभर लांबीचे. एकाच्या पाठीवरचे खवले टिकल्यांसारखे लुकलुकतात आणि मासा वळला की दहा ठिकाणी ठिणग्या उडाल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच्या अंगावर एकही ठिणगी नाही. पण नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत एकसारखी झिलई आहे, चिंचेनं घासलेलं पितळेचं भांडं उन्हात पालथं घालावं तशी. नवखा माणूस हमखास पहिल्यावर बोट ठेवतो. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. पण धातूच्या झळाळीचा कोई हवा असेल, तर घ्यायचा तो दुसरा.

या दोन चमका मुळात वेगळ्या आहेत. जपानी लोक पहिलीला ‘गिनरिन’ म्हणतात, म्हणजे चांदीचे खवले. दुसरी ‘हिकारी’, म्हणजे प्रकाश, तेज. गिनरिनची चमक खवल्याखवल्यावर सुटी बसलेली असते, हिकारीची चमक अख्ख्या कातडीत भिनलेली असते. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. कोई हा कार्प जातीचा, आणि कार्प जातीच्या माशाच्या डोक्यावर खवले नसतात. त्यामुळे गिनरिन कितीही लखलखला तरी त्याचा माथा साधाच राहतो. हिकारी माशाचं डोकं मात्र अंगाइतकंच चमकतं, आणि छातीजवळचे दोन पर उघडले की तेही चमकतात. म्हणून आधी माथा बघायचा, मग पर, आणि पाठ सगळ्यात शेवटी.

ही झळाळी येते कुठून? बांगडा किंवा मांदेली साफ केल्यावर बोटांना चंदेरी चिकटा लागतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तेच ते द्रव्य: ग्वानिन. आपल्या डीएनएची चार अक्षरं असतात ना, त्यातलं एक अक्षर म्हणजे हेच ग्वानिन. मासा तेच द्रव्य स्फटिकांच्या रूपात कातडीतल्या खास पेशींमध्ये साठवतो. स्फटिक म्हणजे अतिशय पातळ चकत्या, वर्खाच्या पानांसारख्या एकावर एक रचलेल्या, मधेमधे पेशीतल्या द्रवाचा थर. ग्वानिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो याचं माप, सुमारे १.८३, पाण्याचा १.३३. हा फरक मोठा असल्यामुळे प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. परतलेल्या लाटा एकमेकींना जोर देतात आणि नुसत्या चकत्यांचा आरसा तयार होतो. त्यात धातूचा कणही नसतो.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी जपानी कोईच्याच कातडीतले हे स्फटिक तपासले आहेत. प्रयोगशाळेत ग्वानिनचे स्फटिक वाढवले तर ते जाड, लांबट होतात. मासा मात्र त्यांची वाढ वळवतो. ज्या पृष्ठावरून प्रकाश सर्वाधिक परततो, नेमकं तेच पृष्ठ तो रुंद करतो आणि चकती पातळ ठेवतो. डोंगरातल्या चिखलाच्या तळ्यात वाढणाऱ्या एका माशाची पेशी हे करते, याचं मला आजही मनापासून आश्चर्य वाटतं.

आरसा समजला की रंग समजायला वेळ लागत नाही. नुसता आरसा असेल, वर काळं किंवा पिवळं रंगद्रव्य नसेल, तर मासा चांदीसारखा शुभ्र दिसतो. तो प्लॅटिनम ओगोन. त्याच आरशावर पिवळ्या रंगद्रव्याचा पारदर्शक पडदा आला की सोनं दिसतं. तो यामाबुकी ओगोन. यामाबुकी हे जपानमधलं एक गर्द पिवळं फूल आणि ओगोन म्हणजे सोनं. पडदा केशरी झाला की ओरेंजी ओगोन. प्रत्येक खवल्याच्या मध्यावर गडद ठिपका राहिला तर मात्सुबा, त्याची पाठ पाइनच्या सुक्या फळासारखी दिसते.

पडद्यातला पिवळेपणा बऱ्याच अंशी खाण्यातून येतो, कारण कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी रंगद्रव्यं माशाला स्वतः तयार करता येत नाहीत. रंग खुलवणारं खाद्य प्लॅटिनमला सारखं घातलं की त्याचा पांढरा माथा पिवळट पडायला लागतो, तो यामुळेच. यामाबुकीला ते जास्त झालं तर लिंबासारखा स्वच्छ पिवळा रंग केशरीकडे झुकतो. विकत घेताना प्लॅटिनमचं डोकं पिवळट दिसलं, तर त्याला काय खायला घालता, हे विक्रेत्याला जरूर विचारावं.

कोई म्हणजे जीवशास्त्राच्या हिशेबात साधा कार्पच, आपल्याकडे शेततळ्यात वाढवतात त्या सायप्रिनस नावाच्या कार्पचा भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात जपानच्या निगाता प्रांतातल्या यामाकोशीच्या डोंगराळ गावांत शेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून रंगीत पिल्लं निवडायला सुरुवात केली. त्यातून झाली ‘निशिकीगोई’. निशिकी म्हणजे जरतारी कापड. पण खऱ्या अर्थानं सोनेरी जर आली ती नंतर. १९२१ साली याच भागातल्या सावाता आओकी यांना पाठीवर सोनेरी पट्टा असलेला एक काळपट कार्प मिळाला. आओकी पितापुत्रांनी पिढ्यान्पिढ्या सोनेरी छटेची पिल्लं तेवढी ठेवली. वाटेत काळ्या अंगाचे आणि फक्त डोकं सोनेरी असलेले मासे निघाले. त्यांना किंकाबुतो म्हणत, म्हणजे सोन्याचं शिरस्त्राण. आज त्यांना कोणी विचारत नाही. पंचवीसेक वर्षांनी, महायुद्ध संपल्यावर, पूर्ण सोनेरी ओगोन हाती आला. पुढे १९५७ मध्ये यामाबुकी आणि १९६३ मध्ये प्लॅटिनम आला. एकाच माशापासून सुरू झालेली ही वाट आहे, आणि तिच्यात यंत्र नाही, रसायन नाही. आहे ते फक्त दरवर्षी टबावर वाकून केलेलं निरीक्षण.

२३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीची तळी फुटली, रस्ते खचले, अख्खं गाव हलवावं लागलं. कित्येक पैदासकारांचे मासे गेले. तरीही लोक परतले आणि पायऱ्यापायऱ्यांची ती तळी पुन्हा भरली, हे कोई पाळणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता निवडीकडे येऊ. लाल-पांढऱ्या कोहाकूमध्ये नक्षी सुंदर असेल तर अंगातला एखादा दोष डोळ्याआड होतो. एकरंगी ओगोनला ती सोय नाही. एक खवला कमी असला किंवा वाकडा बसलेला असला, तरी लगेच डोळ्यांत भरतो, कोऱ्या भिंतीवरच्या डागासारखा. म्हणून मासा वरून पाहावा आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खवल्यांच्या ओळींवरून नजर फिरवावी. ओळी सरळ आणि मापात हव्यात. खांद्यापाशी अंग भरदार हवं आणि शेपटीकडे हळूहळू निमुळतं होत जायला हवं. मधेच पोट सुटलेलं असेल किंवा शेपटीचं बूड काडीसारखं असेल, तर झिलई कितीही असली तरी तो सोडावा. माथा रुंद, नितळ, एकही काळा डाग नसलेला. जुन्या ओगोनच्या वाणात पाणी तापलं की डोकं काळवंडायचं. यामाबुकी आणि प्लॅटिनमनं हा दोष बराच मागे टाकला, पण डोक्यावर धुरकट छाया दिसली तर घाई करू नये.

मग मासा स्थिर झाला की जवळ जाऊन पाहावं. चांगल्या हिकारी माशाच्या खवल्यांभोवतीची कातडीही चमकते, त्यामुळे पाठीवर बारीक उजळ जाळी पसरलेली दिसते. जपानी लोक तिला फुकुरिन म्हणतात. मोठ्या वयाच्या माशात ही जाळी दाट असेल, तर तो मासा उत्तम. शेवटी त्यानं पर उघडेपर्यंत थांबावं. ते गोलसर, मोठे आणि मुळापासून कडेपर्यंत उजळ हवेत, आणि दोन्ही सारखे.

अजून एक सांगतो. उन्हात टब ठेवला की साधारण मासाही देखणा दिसतो, कारण आरशाला नुसता प्रकाशच लागतो. टब सावलीत घ्यायला सांगा, पाणी हलायचं थांबू द्या आणि मग पुन्हा माथ्यापासून सुरुवात करा. सावलीतही ज्याचं कपाळ उजळ राहील, तो घरी आणा.