कृतियुक्त विज्ञान-अध्यापन : प्राथमिक शाळा, कोल्हापूर जिल्हा

प्राथमिक वयाच्या मुलांनी निसर्गातील घटनांविषयी स्वतः प्रश्न विचारून, अंदाज बांधून, हाताने मोजून-पडताळून आणि नोंदी ठेवून विज्ञान शिकावे, अशी अध्यापनपद्धती. शिक्षकांनी टेबलावर करून दाखवलेला प्रयोग बाकांवरून पाहणे या पद्धतीत मोडत नाही. पुस्तकात निष्कर्षासह छापलेली कृती जशीच्या तशी पार पाडणे हेही, काटेकोरपणे पाहता, तिच्यात येत नाही. साहित्य मुलांच्या हाती असणे आवश्यक आहे, परंतु तेवढ्याने शोध घडत नाही. अंदाज आधी लिहिलेला असावा, तुलना करताना एका वेळी एकाच बाबीत फरक ठेवलेला असावा आणि चुकलेला अंदाज न खोडता वहीत तसाच राहावा, या तीन गोष्टींवर तिचे यश अवलंबून असते.

या विचाराची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी पुरस्कारलेल्या अन्वेषण (स्वतः शोधून शिकण्याच्या) पद्धतीत आणि अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे काढलेल्या प्रयोगशाळेत सापडतात. ड्यूई यांची ‘प्रयोगशाळा’ म्हणजे अर्थात मुलांची शाळाच होती. फ्रान्समध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी जॉर्ज शार्पाक यांनी १९९६ मध्ये प्राथमिक शाळांसाठी अशीच चळवळ उभी केली. भारतात कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांना अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ माध्यमिक-पूर्व शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम हा सरकारी शाळांतील या पद्धतीचा देशातील सर्वांत दीर्घ प्रयोग. तो २००२ मध्ये बंद करण्यात आला. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीत विज्ञान दीर्घकाळ ‘परिसर अभ्यासा’च्या पोटात शिकवले गेले. ही सोय एका अर्थाने पथ्यावरच पडली, कारण तपासायची वस्तू परिसरातून आणण्याला विषयाच्या नावातच आधार मिळाला.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केलेल्या या प्रदेशात शाळा गावोगाव पोहोचली आहे. प्रयोगशाळा मात्र प्राथमिक शाळेत सहसा नसते. त्यामुळे बिनखर्चाचे साहित्य ही येथे निवड नसून गरज आहे, आणि त्यात सर्वांत भरवशाचे साहित्य म्हणजे सावली. पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवायची आणि दुपारी बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, एवढीच कृती. सर्वांत आखूड सावली कधी पडेल, असे आधी विचारले तर बहुतेक मुले बारा वाजता म्हणतात. खडे वेगळेच सांगतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तर कोल्हापूर सुमारे ७४.२ अंशांवर आहे. त्यामुळे येथे सूर्य सरासरी ३३ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यावर पाऊण वाजून गेल्यावर.

हीच आखूड सावली महिन्यातून एक-दोनदा मोजून तेवढ्या लांबीची कागदी पट्टी भिंतीवर चिकटवत गेल्यास पाचवीच्या मुलांचा आलेख आपोआप तयार होतो. २२ डिसेंबरच्या सुमारास पट्टी सुमारे ८४ सेंटिमीटर भरते, २१ मार्चच्या सुमारास ३० सेंटिमीटर. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सवाचा उलगडाही याच पट्ट्यांतून करता येतो. मावळतीचे किरण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दोन काळांत मूर्तीपर्यंत पोहोचतात, हे शहरातल्या मुलांना घरातूनच ठाऊक असते. या दोन्ही काळांतील पट्ट्या जवळजवळ सारख्याच, सुमारे ६७ सेंटिमीटर, भरतात आणि दोन्ही काळ २१–२२ डिसेंबरपासून सारख्याच अंतरावर, सुमारे ४१ दिवसांवर आहेत, हे मुलांना दिनदर्शिकेवर मोजून काढता येते. म्हणजे दोन्ही काळांत सूर्य जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो. माध्यान्हीची सावली नाहीशी होण्याचे दिवस मात्र शाळेच्या हाती लागत नाहीत: मेच्या पहिल्या आठवड्यातला उन्हाळी सुट्टीत जातो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला बहुधा ढगांत.

पावसाळ्यातही कामे असतात. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील गगनबावड्यात पूर्वेकडील शिरोळच्या कित्येक पट पाऊस पडतो. दोन्हीकडच्या शाळांनी सारख्याच सरळ बाटल्यांना पट्टी लावून मोजलेला पाऊस एकमेकींना कळवला, तर नकाशावरचा फरक आकड्यात दिसतो. नदीकाठची काळी माती आणि आजरा-चंदगडकडची तांबडी माती यांतून पाणी झिरपण्याचा वेग ताडून पाहता येतो. मटकीला मोड आणणे हा त्यांतला सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणारा प्रयोग. एक वाटी ओली ठेवून उजेडात आणि दुसरी कोरडी ठेवून अंधारात मांडली, की मोड पाण्याने आले की उजेडाने, हे ठरवता येत नाही. शिक्षकांनी येथे लगेच दुरुस्ती करण्याऐवजी ‘मग तिसरी वाटी कशी ठेवायची?’ एवढेच विचारावे.

पद्धतीला मर्यादाही आहेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अत्यल्प मार्गदर्शनावर चालणाऱ्या अध्यापनावर टीका करताना नवशिक्याच्या स्मृतीवर त्याचा अवाजवी भार पडतो, असे मांडले. प्राथमिक वर्गात ही टीका गंभीरपणे घ्यावी लागते. जंतूंची कल्पना किंवा पृथ्वी फिरते हे नुसते पाहून-मोजून मुलांना आपोआप सुचणार नाही, ते सांगावेच लागते. प्रश्न फक्त कधी सांगायचे याचा असतो. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळताना गटकार्य अवघड जाते, पण काठीभोवती तिसरीची मुले खडे ठेवतात आणि पाचवीची लांबी मोजतात, अशी वाटणी करता येते. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रयोग व उपक्रम यांना साधन म्हणून स्थान असल्याने या वह्या तपासणीत धरता येतात. त्यासाठी गुण निष्कर्षाच्या अचूकपणाला न देता मोजमाप आणि नोंद यांना द्यावे लागतात, नाहीतर मुले आदल्या वर्षीच्या वहीतले आकडे उतरवून मोकळी होतात.