पॅरानिओप्लास्टिक मज्जाविकार

कर्करोगाची गाठ मेंदूपर्यंत न पोहोचताही मज्जासंस्था बिघडते, अशा विकारांचा गट. एकूण कर्करुग्णांत त्यांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. परंतु अनेकदा मूळ रोगाचा पत्ता लागण्याआधीच ही लक्षणे दिसतात, म्हणून निदानात त्यांना मोठे महत्त्व आहे.

काही कर्कपेशी एरवी चेतापेशींतच आढळणारी प्रथिने तयार करतात. प्रतिकारशक्ती गाठीवर चाल करते आणि त्याच ओघात चेतापेशींवरही. या हल्ल्यामुळे गाठ बऱ्याचदा लहान राहते, सुरुवातीच्या स्कॅनमध्ये सापडतही नाही.

वृद्धांमध्ये गफलत सहज होते. हातापायांची बधिरता मधुमेहावर किंवा बी१२च्या कमतरतेवर ढकलली जाते, तोल जाणे आणि विसरणे वयावर. फरक वेगात असतो. वयाची विस्मृती वर्षानुवर्षे वाढते. लिंबिक एन्सेफलायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृती व भावना सांभाळणाऱ्या भागाच्या दाहात, माणूस काही आठवड्यांत कालचे विसरू लागतो, झटके येतात, स्वभाव पालटतो. उतारवयातील या मेंदूदाहाचे वर्णन १९६० साली झाले, कर्करोगाशी त्याचा संबंध १९६८ मध्ये मांडला गेला.

याच गटातला, स्नायू दुबळे करणारा लॅम्बर्ट-ईटन विकार १९५६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी वर्णिला. रुग्णाला खुर्चीतून उठणे, जिना चढणे जड जाते आणि तोंड कोरडे पडते. प्रतिपिंडे (प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने) चेतातंतूच्या टोकावरील कॅल्शियम-मार्ग निकामी करतात, त्यामुळे स्नायूला संदेश अपुरा पोहोचतो. गंमत अशी की स्नायू काही सेकंद जोराने आवळला की ताकद थोडा वेळ परत येते, गुडघ्याची नाहीशी झालेली प्रतिक्षिप्त क्रियाही उमटते. हातोडीने होणारी ही तपासणी महागड्या यंत्राआधी करायला हवी. निम्म्याहून अधिक रुग्णांत फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग सापडतो. धूम्रपानाचा इतिहास असेल तर संशय बळावतो.

रक्तातील प्रतिपिंडे शोधाची दिशा देतात: अँटी-हू बहुतेकदा फुप्फुसाकडे, स्त्रियांमधील अँटी-यो अंडाशय किंवा स्तनाकडे. पहिल्या सीटी वा पेट स्कॅनमध्ये काही न दिसल्यास, जोखीम जास्त असलेल्या रुग्णांची दर ४ ते ६ महिन्यांनी २ वर्षे फेरतपासणी करावी, असे २०२१चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

मुख्य उपचार मूळ कर्करोगावरच करावा लागतो. लॅम्बर्ट-ईटनमध्ये अमिफॅम्प्रिडिन या औषधाने ताकद सुधारते. अँटी-हू, अँटी-योसोबतच्या विकारांत मात्र प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी चेतापेशींनाच मारतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे तिथे बहुधा बिघाड थोपवण्यापुरतेच यश मिळते.