बापांचं भांडण, लेकांची हातमिळवणी आणि केनियाची राज्यघटना

9 मार्च 2018 रोजी नैरोबीतल्या हरांबी हाउसच्या पायऱ्यांवर अध्यक्ष उहुरू केन्याटा आणि विरोधी नेते राइला ओडिंगा यांनी हात मिळवले. सव्वा महिन्यापूर्वीच ओडिंगांनी उहुरू पार्कमध्ये स्वतःला 'जनतेचे अध्यक्ष' म्हणून शपथ घेतली होती. त्याआधी, ऑगस्ट 2017 ची अध्यक्षीय निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली होती आणि फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार टाकला होता. दंगली, गोळीबार यांनी देश थकला होता, त्यामुळे या हातमिळवणीने लोकांना हायसं वाटलं. पण त्यातून जन्माला आला 'बिल्डिंग ब्रिजेस इनिशिएटिव्ह', म्हणजे बीबीआय. घटनेत एका झटक्यात सत्तरहून अधिक बदल करण्याचा हा घाट होता, आणि तो पुढे न्यायालयात आपटला. केनियात या प्रस्तावाला एवढा विरोध का झाला, हे समजायला साठच्या दशकापर्यंत मागे जावं लागतं.

1963 ची स्वातंत्र्याची घटना लंडनच्या लँकेस्टर हाउसमधल्या वाटाघाटींतून तयार झाली. तीत प्रांतांना अधिकार होते, दोन सभागृहं होती. वर्षभरात विरोधी कादू पक्ष सत्ताधारी कानूमध्ये विसर्जित झाला आणि जोमो केन्याटा, म्हणजे उहुरूंचे वडील, अध्यक्ष झाले. मग एकेक दुरुस्ती येत गेली. प्रांतांचे अधिकार गेले, सिनेटही गेलं. बंड नाही, रणगाडे नाहीत. सगळं संसदेत, हात वर करून.

यातली 1966 ची दुरुस्ती मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी. उपाध्यक्ष ओगिंगा ओडिंगा, म्हणजे राइलांचे वडील, यांनी राजीनामा देऊन केनिया पीपल्स युनियन काढली आणि काही खासदार त्यांच्याबरोबर गेले. सरकारने घाईघाईत घटना दुरुस्त केली: पक्ष बदलणाऱ्याने जागा सोडून पुन्हा निवडून यायचं. आपल्याकडच्या पक्षांतरबंदीच्या चर्चेत ही तरतूद अगदी सज्जन वाटेल. पण ती आधीच बाहेर पडलेल्यांनाही लागू होती, आणि मुळात त्यांच्यासाठीच होती. पोटनिवडणुकांत ओगिंगांच्या बहुतेक साथीदारांना घरी बसावं लागलं. 1969 मध्ये पक्षावरच बंदी आली आणि ओगिंगा स्थानबद्ध झाले.

ओगिंगांच्या या गटातला एक महत्त्वाचा माणूस तोवर मारला गेला होता. पियो गामा पिंटो हे नैरोबीत जन्मलेले गोवेकर. भारतात शिकताना ते गोवामुक्तीच्या कामात ओढले गेले, केनियात परतल्यावर ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षं स्थानबद्ध केलं. स्वतंत्र केनियाच्या संसदेत ते खासदार झाले. 24 फेब्रुवारी 1965 रोजी घराच्या फाटकापाशी मोटारीतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर त्यांची लहान मुलगी होती. नवस्वतंत्र केनियातली ही पहिली मोठी राजकीय हत्या. गोव्यात पिंटोंचं नाव आजही फारसं निघत नाही, याचं मला नवल वाटतं.

1978 मध्ये डॅनियल अराप मोई आले आणि त्यांनी ही पद्धत पूर्णत्वाला नेली. ओगिंगा नवा पक्ष काढणार अशी कुणकुण लागताच जून 1982 मध्ये घटनेत कलम 2ए घातलं गेलं: देशात पक्ष एकच, कानू. पुढे महाधिवक्ता, महालेखापरीक्षक आणि 1988 मध्ये न्यायाधीश यांच्या पदाची शाश्वतीही काढून घेतली. त्याच वर्षी उमेदवारी ठरवण्यासाठी गुप्त मतदानाऐवजी 'म्लोलोंगो' आलं. मतदारांनी आपल्या उमेदवाराच्या मागे रांगेत उभं राहायचं. कुणाची रांग लांब हे गावाला डोळ्यांनी दिसायचं, आणि तरी काही ठिकाणी आखूड रांगेचा माणूस विजयी जाहीर व्हायचा.

विरोध रस्त्यावर उतरला तो 7 जुलै 1990 ला, 'साबा साबा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवशी. सभा बोलावणारे केनेथ मटिबा आणि चार्ल्स रुबिया आधीच अटकेत होते, तरी लोक कामुकुंजी मैदानाकडे निघाले. पोलिसांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी देणगीदार देशांनी मदत रोखली आणि डिसेंबर 1991 मध्ये 2ए रद्द झालं. श्रेय परदेशी पैशाला द्यायची सवय आहे. कामुकुंजी आधी घडलं नसतं तर तो पैसा थांबला असता का, याची मला शंका आहे.

नव्या घटनेसाठी मात्र आणखी जवळजवळ दोन दशकं लागली. 2005 मध्ये सरकारने आपल्या सोयीचा मसुदा सार्वमताला टाकला. मतपत्रिकेवर 'हो'साठी केळं आणि 'नाही'साठी संत्रं. संत्रं जिंकलं. 2007 च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात अकराशेहून अधिक लोक मेले, आणि अखेर 4 ऑगस्ट 2010 ला नव्या घटनेला सुमारे 67 टक्के मतदारांनी मान्यता दिली. तिच्या कर्त्यांना जुना अनुभव पाठ होता. अध्यक्षाची मुदत, न्यायपालिकेचं स्वातंत्र्य, जिल्हा सरकारं अशा विषयांना हात लावायचा तर सार्वमत सक्तीचं. संसदेबाहेरून दुरुस्ती आणायची वाटही ठेवली: दहा लाख नोंदणीकृत मतदारांच्या सह्या.

बीबीआय आलं ते याच दुसऱ्या वाटेने. पंतप्रधानपद, दोन उपपंतप्रधान, 70 नवे मतदारसंघ, न्यायपालिकेवर अध्यक्षाने नेमलेला लोकपाल असं सगळं त्यात होतं. ओडिंगा सभांत म्हणत, 'रेगे कुणी थांबवू शकत नाही'; रेगे हे संगीत, पण इथे अर्थ बीबीआय. फेब्रुवारी 2021 मध्ये जिल्हा विधानसभांच्या सदस्यांना मोटारीसाठी प्रत्येकी 20 लाख शिलिंग मंजूर झाले आणि त्याच सुमारास 47 पैकी चाळीसहून अधिक सभांनी विधेयकाला होकार दिला. मे महिन्यात संसदेचंही शिक्कामोर्तब झालं.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड एन्डी आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले होते. 13 मे 2021 रोजी उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कित्येक तास निकाल वाचून बीबीआय रद्द ठरवलं, आणि लोक घरोघरी ते थेट पाहत होते. जनतेचा पुढाकार म्हणून ठेवलेली वाट अध्यक्षाला वापरता येणार नाही, हा त्यातला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच निकालात घटनेच्या मूलभूत चौकटीचं, म्हणजे संसदेला दुरुस्ती करून घटनेचा गाभा बदलता येत नाही, हे तत्त्वही होतं, आणि ते तिथे गेलं आपल्या 1973 च्या केशवानंद भारती खटल्यातून, ज्यात मुंबईचे नानी पालखीवाला लढले. केनियात 2004 च्या न्जोया खटल्यातही त्याचा आधार घेतला गेला होता. भारतात ते सात विरुद्ध सहा असं काठावर तरलं. विरोधी सहांत पालेकर आणि यशवंत चंद्रचूड हे दोघे मराठी न्यायमूर्ती होते.

निकालानंतर तीन आठवड्यांत केन्याटांनी 34 न्यायाधीशांच्या नेमणुका केल्या आणि शिफारस झालेल्या सहा जणांना वगळलं. त्यांत या खंडपीठातले जोएल न्गुगी आणि जॉर्ज ओडुंगा होते. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयानेही बीबीआय रोखलं. 31 मार्च 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत चौकटीचं तत्त्व बहुमताने बाजूला ठेवलं, पण अध्यक्षाला जनतेच्या वाटेने येता येणार नाही हे कायम राखलं. बीबीआय तिथेच संपलं.

विरोधकांना एका रंगात रंगवण्याचं मात्र कारण नाही. बीबीआयला विरोध करणारे उपाध्यक्ष विल्यम रुटो त्याच वर्षी अध्यक्ष झाले, वगळलेल्या सहा जणांना त्यांनी लगेच नेमलं आणि एन्डी त्यांचे आर्थिक सल्लागार झाले. 2024 मध्ये रुटोंच्याच पक्षाच्या एका सिनेटरने अध्यक्षाची मुदत पाचवरून सात वर्षं करण्याचं विधेयक आणलं. करवाढीविरुद्ध तरुणांनी संसदेवर चाल केल्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. सूचना मागवताच नकाराच्या ईमेलचा पाऊस पडला आणि सिनेटच्या समितीने विधेयक फेटाळण्याची शिफारस केली.