सायनोटाइपला जांभळीच ट्यूब लागते?

‘सायनोटाइप छापायचं तर गडद जांभळ्या काचेचीच ट्यूब घ्या, पांढरीत दम नसतो.’ प्रकाशाने कागदावर निळी चित्रं छापायच्या या जुन्या पद्धतीबद्दलचा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि नवशिके उगाच जास्त पैसे मोजतायत.

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेल्या या पद्धतीत कागदावरचे लोहक्षार मुख्यतः ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने बदलतात. मिठाईच्या दुकानात माश्या मारायच्या यंत्रात जी पांढऱ्या काचेची, फिकट निळसर उजेडाची ट्यूब जळत असते, ती नेमका हाच प्रकाश देते, साधारण ३५० ते ३७० नॅनोमीटरच्या आसपास. तिच्यावर ‘बीएल’ छापलेलं असतं, जांभळीवर ‘बीएलबी’. आतला लेप साधारण एकाच जातीचा. जांभळीची काच फक्त डोळ्यांना दिसणारा उजेड अडवते. डिस्कोत पांढरे शर्ट चमकवायला ते ठीक, पण कागदाला त्याचं काय? उलट त्या काचेत थोडा अतिनील प्रकाशही अडकतो.

जांभळा रंग दिलेला साधा तारेचा बल्ब तर घेऊच नका. तो तापतो भरपूर, छापत काहीच नाही.

जंतुनाशक ट्यूब मात्र खरंच धोक्याची. तिचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळे आणि कातडी भाजतो, शिवाय कागद दाबून धरणाऱ्या फ्रेमची काच तो कागदापर्यंत पोचूच देत नाही.

बीएल ट्यूब त्याच लांबीच्या आणि वॅटच्या साध्या, चोकवाल्या ट्यूबलाइटच्या पट्टीत बसते. चार-सहा शेजारी-शेजारी लावा, नाहीतर छाप कडेला फिका येतो. ट्यूब बसवलेल्या पेटीला झाकण हवंच. त्या उजेडाकडे बघत बसायचं नाही.

आणि ऊन? ते फुकटच आहे, फक्त जुलैत मिळत नाही.