हिरव्या खुणेमागचा शून्य: टर्मिनलवरून टेस्ट चालवण्याची पार्श्वभूमी

टर्मिनलवर पायटेस्ट, म्हणजे पायथन भाषेतल्या टेस्ट चालवणारी कमांड, टाईप करून एंटर मारलं की स्क्रीनवर पास झालेल्या टेस्टची टिंबं पळायला लागतात, मध्येच फेलचा एखादा एफ उगवतो आणि पोटात गोळा येतो. पण ही टिंबं आपल्यासाठी असतात, मशीनला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. मशीन बघतं फक्त शेवटी आलेला एक आकडा. शून्य आला तर पास, दुसरं काहीही आलं तर फेल. गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर टेस्ट पास झाल्या की दिसणारी ती हिरवी खूण या एका आकड्यावर उभी आहे, आणि हा आकडा कुठे कुठे खोटं बोलतो ते सापडत गेलं, एकेक भोक बुजवत गेले, तसा या टूल्सचा इतिहास घडला असं माझं मत आहे.

सुरुवात बेल लॅब्समधल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमपासून करावी लागते. तिथे प्रत्येक प्रोग्राम संपताना एक छोटा आकडा मागे ठेवून जातो, त्याला आपण एक्झिट कोड म्हणतो. शून्य म्हणजे यश हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण त्यात अर्थ आहे, काम नीट होण्याची तऱ्हा एकच आणि बिघडायच्या तऱ्हा शंभर, म्हणून बाकीचे सगळे आकडे बिघाडासाठी मोकळे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल, म्हणजे टाईप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आला, त्यात इफ लिहिलं की शेल सरळ कमांड चालवतो आणि हा आकडा बघून पुढे कुठे जायचं ते ठरवतो. त्याच आवृत्तीत ट्रू नावाची एक कमांड होती, जिचं काम फक्त 'यश' कळवायचं, आणि ती फाईल चक्क रिकामी होती, आत एक अक्षरही नाही, कारण रिकामी स्क्रिप्ट चालवली की उत्तर शून्यच येतं. हे लक्षात ठेवा. काहीच केलं नाही तरी उत्तर यश, पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथे आहे.

त्याच्या थोडं आधी, १९७६ मध्ये, तिथल्याच स्टुअर्ट फेल्डमनने मेक लिहिलं, बदललेल्या फाईल्स ओळखून तेवढ्याच परत कंपाईल करणारं टूल. त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक अख्खी सकाळ डीबगिंग करत बसला होता आणि शेवटी कळलं की बग केव्हाच दुरुस्त झालाय, फक्त फाईल परत कंपाईल झालेली नव्हती, म्हणजे तो जुनंच चालवून बघत होता. मेकने ते तर सोडवलंच, शिवाय एखादी कमांड शून्याशिवाय काही देऊन संपली की तिथेच थांबायचं हा नियमही पाळला. मग मेक टेस्ट आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या जगात मेक चेक म्हणायची पद्धत पडली, आणि कोणाचंही सॉफ्टवेअर उचललं तरी टेस्ट कशा चालवायच्या हे विचारावं लागेना.

पण मला सगळ्यात जास्त जीव लावावासा वाटतो तो पर्ल या भाषेचा भाग. डिसेंबर १९८७ मध्ये लॅरी वॉलने पर्ल १ सोडलं तेव्हा त्याच्यासोबत 'टी' नावाच्या फोल्डरमध्ये टेस्टही दिल्या. फ्रेमवर्क वगैरे काही नाही, साधे छोटे प्रोग्राम, जे प्रिंट करायचे 'ओके १', 'ओके २', आणि बिघडलं तर 'नॉट ओके ३'. आणि सुरुवातीलाच एक ओळ, १ पासून अमुक इतक्यापर्यंत, म्हणजे एकूण टेस्ट किती होणार ते आधीच जाहीर करायचं. त्या एका ओळीत केवढी अक्कल आहे बघा, दहा टेस्ट कबूल केल्या आणि सहाव्यानंतर स्क्रिप्ट गपचूप संपली, तर छापलेल्या सहाही ओळी 'ओके' असतात, एकही 'नॉट ओके' नाही, पण मोजणी जुळत नाही म्हणून चोरी पकडली जाते. याच पद्धतीला पुढे टॅप (टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल) हे नाव मिळालं, आणि दुसऱ्या भाषांनीही ती उचलली, कारण दोन ओळी प्रिंट करता येणं एवढीच तिची अट.

पर्लवाल्यांनी अजून एक भोक बुजवलं. त्यांचं टेस्ट मोअर हे मॉड्यूल जेवढ्या टेस्ट फेल झाल्या तेवढाच आकडा एक्झिट कोड म्हणून देतं. आता हा कोड आठ बिटांचा, ० ते २५५ एवढाच मावतो, म्हणजे बरोब्बर २५६ टेस्ट फेल झाल्या तर तो फिरून शून्यावर येणार आणि सगळं पास दिसणार! म्हणून २५४ च्या वर कितीही फेल झाल्या तरी ते २५४ च सांगतं. फेलची संख्या थेट एक्झिट कोडमध्ये देणारी स्क्रिप्ट घरी कोणी लिहिली असेल तर एकदा तपासून घ्या.

जावासाठीच्या जेयुनिट या टेस्ट टूलची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून लिहिलं. त्याची हिरवी-लाल पट्टी गाजली, पण सोबत एक साधा टेक्स्टवाला रनरही होता जो प्रत्येक टेस्टला एक टिंब छापायचा, आणि तीच टिंबं पुढे पायथनच्या युनिटटेस्टमध्ये, जी २००१ मध्ये २.१ बरोबर आली, आणि पायटेस्टमध्ये दिसतात. पट्टीला डोळे लागतात, म्हणजे समोर माणूस हवा. रात्री दोन वाजता सर्व्हरवर कोण बसणार बघत, तिथे टेक्स्ट आणि आकडाच कामाचा.

रात्रीचं काम आलं ते सीआय सर्व्हरमुळे, म्हणजे कोड बदलला की आपोआप बिल्ड करून टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरमुळे. सन मायक्रोसिस्टम्स कंपनीत काम करणाऱ्या कोहसुके कावागुचीने २००४ च्या सुमारास हडसन सुरू केलं, २०११ मध्ये त्याचंच जेनकिन्स झालं. आत शिरून बघितलं तर ते शेल स्क्रिप्ट चालवतं आणि शून्य नाही आलं की बिल्ड लाल करतं, नियम तोच, बेल लॅब्सचा. आणि इथेच मी पोळलोय. एका कंपनीत आमच्या टेस्टचं आउटपुट टी (tee) कमांडला, जी आलेलं आउटपुट स्क्रीनवरही दाखवते आणि फाईलमध्येही लिहिते, पाईप करून म्हणजे थेट जोडून लॉगमध्ये साठवायचो, आणि पाईप लावला की शेल शेवटच्या कमांडचा कोड धरतो, टेस्टचा नाही. टी बिचारी दरवेळी यशस्वी. जवळजवळ दोन आठवडे बिल्ड हिरवं होतं आणि आत टेस्ट फेल होत होत्या, कळलं ते क्लायंटकडून. त्यावर उपाय पाईपफेल, पाईपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर फेलच धरायला लावणारी सेटिंग, बॅश या शेलमध्ये तो २००४ च्या ३.० पासून आहे, पण आपोआप चालू नसतो, स्क्रिप्टच्या वर स्वतः लिहावा लागतो. दरवेळी लिहा, प्लीज.

हळूहळू आकड्यांना बारीक अर्थही मिळाले. मेकच्या फाईल्स बनवून देणाऱ्या ऑटोमेकमध्ये ७७ म्हणजे टेस्ट वगळली, बिघाड कोणत्या कमिटपासून (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलापासून) आला ते शोधणाऱ्या गिट बायसेक्ट रनमध्ये १२५ म्हणजे हा कमिट तपासता येत नाही, पुढे चला. पायटेस्टमध्ये १ म्हणजे टेस्ट फेल, २ म्हणजे मध्येच थांबवलं, ४ म्हणजे कमांडच चुकीची दिली. आणि ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. हा ५ माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा, कारण फोल्डरचं नाव बदललं, कोणाच्या लक्षात आलं नाही, शून्य टेस्ट चालल्या आणि शून्य फेल झाल्या, हे रिकाम्या ट्रू फाईलसारखंच यश आहे. जावास्क्रिप्टची पॅकेजेस सांभाळणारं एनपीएम टूलवाले तर त्याहून कडक, नवीन प्रोजेक्ट बनवला की टेस्टच्या जागी आधीच एक ओळ असते जी 'टेस्ट दिलेली नाही' असं छापून मुद्दाम १ देते, म्हणजे टेस्ट लिहीपर्यंत लालच. पायथनच्या स्वतःच्या युनिटटेस्टला मात्र हे करायला २०२३ उजाडलं, ३.१२ पासून एकही टेस्ट चालली नाही तर तीही ५ देते, त्याआधी खाली 'रॅन ० टेस्ट्स' आणि त्याखाली 'ओके' असं छापून शून्य द्यायची.